आडनावात गाव, पाळणा भलतीकडे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर आहे, तो काही केल्या मरत नाही. दिवाळीच्या आसपास येतो, लताबाईंच्या जयंतीला येतो, एकदा नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो आणि मग शाळेच्या ग्रुपवर येतो. थोडक्यात त्याचं म्हणणं असं. आपल्या गायकांनी आणि नटनट्यांनी जन्मगावाचं नाव आडनाव म्हणून अभिमानाने मिरवलं, म्हणून नाव वाचलं की गाव कळतं. लता मंगेशकर मंगेशीच्या, हिराबाई बडोदेकर बडोद्याच्या, किशोरी आमोणकर आमोण्याच्या, मास्टर कृष्णराव फुलंब्रीचे. आडनावात एकच गाव असलं तर नातंही एकच, त्यामुळे अमीरबाई कर्नाटकी आणि मास्टर विनायक कर्नाटकी एका घरातले. गोव्याच्या पाण्यातच सूर आहे, ही 'कर' मंडळी त्याचा पुरावा. गाण्याच्या घराण्यांचंही तसंच, किराणा घराण्याचे लोक किराणा गावचे. आणि आगऱ्याच्या जोहराबाई 'रतन' सिनेमात गायल्या. खाली समुद्रकिनाऱ्याचा एक फोटो असतो, केसरबाई केरकरांचं केरी म्हणून.

यातलं काही खरं आहे. जेवढं खोटं आहे ते मात्र इतकं बिनधास्त लिहिलंय की एकेक मुद्दा घ्यावाच लागेल.

मंगेशीपासून सुरुवात करू, कारण मजकुराची सुरुवातही तिथूनच होते.

लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदूरचा. शीख मोहल्ल्यातलं घर. त्यांच्या आईचं, म्हणजे माईंचं, माहेर खानदेशातलं थाळनेर. आशाबाईंचा जन्म १९३३ चा, सांगलीचा. मंगेशीला जन्मले ते वडील, मास्टर दीनानाथ, १९०० साली. नाटक कंपनीवाल्याचं बिऱ्हाड जिथे कंपनी जाईल तिथे, तेव्हा मुलं एका गावात जन्मली असती तरच नवल. 'मंगेशीच्या लता' हे म्हणणं वाडवडिलांच्या गावाच्या अर्थाने कुणी केलं तर आपण मान डोलवू. पण 'जन्मगाव' म्हटलं की ते चूक.

गंमत पुढेच आहे. मंगेशीलाच जन्मलेला, मंगेशीच्याच देवळाच्या परंपरेतला, विसाव्या शतकातला एक मोठा गवई आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि त्याच्या नावात मंगेशी कुठेच नाही. ते म्हणजे पंडित जितेंद्र अभिषेकी. देवाला अभिषेक करणाऱ्या पुजाऱ्यांचं हे घराणं, त्यावरून आडनाव पडलं. दीनानाथांचे वडीलही याच पुजारी घराण्यातले. म्हणजे मंगेशीत जन्मलेले ते अभिषेकी आणि इंदुरात जन्मलेल्या त्या मंगेशकर. मजकूर लिहिणाऱ्याने निदान हे एक उदाहरण पाहिलं असतं तर लेखणी जरा थबकली असती.

दीनानाथांनी अभिषेकी हे नाव का लावलं नाही, हा प्रश्न मजकुरात येतच नाही. 'अभिमानाने मिरवलं' या दोन शब्दांत तो झाकून टाकलाय, आणि माझा खरा आक्षेप त्याच दोन शब्दांवर आहे. दीनानाथांच्या आई येसूबाई. त्या देवळाच्या सेवेतल्या कलावंत समाजातल्या, गाणाऱ्या. या समाजात मूल आईचं असे. बाप कोण हे गावाला ठाऊक असलं तरी बापाचं आडनाव, बापाचं गोत्र, बापाच्या घरचा उंबरठा यांवर मुलाचा हक्क नसे. अशा मुलाने पुढे रंगभूमीवर उभं राहून जाहिरातीत स्वतःचं पूर्ण नाव छापायचं तर काय छापायचं? त्याने देवाच्या गावाचं नाव घेतलं. त्यात अभिमान होता का? असेल, असणारच. पण आधी गरज होती. दुसऱ्या कुणाच्या परवानगीशिवाय लावता येईल असं एकच नाव त्याच्यापाशी होतं, ते गावाचं. गावाला कोण हरकत घेणार?

गोव्याच्या कितीतरी गायिकांच्या नावांमागे हीच गोष्ट आहे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, अंजनीबाई मालपेकर. या तिघींच्या बाबतीत मजकुराचा नियम लागू पडतो, त्या त्या त्या गावांच्याच. पण 'मातीचा अभिमान' या गोड शब्दांखाली समाजाने नाकारलेलं आडनाव दडपलं जातं, आणि तेच मला खुपतं. ज्या बाईला बापाचं नाव लावायची सोय नव्हती तिने गावाचं नाव लावलं आणि ते नाव इतकं मोठं केलं की आज गावच तिच्या नावाने ओळखलं जातं. ही गोष्ट अभिमानाची आहेच, फक्त अभिमान कुणी कुणाचा बाळगायचा ते उलटं आहे.

हे गोव्यापुरतं नाही. एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या नावातल्या 'एम'चा अर्थ मदुराई आणि 'एस'चा अर्थ षण्मुखवडिवु, म्हणजे त्यांची आई, वीणा वाजवणारी. गाव आणि आई, एवढ्यात नाव संपलं. प्रांत निराळा, भाषा निराळी, तरी नावाची जडणघडण मंगेशीसारखीच.

आता बडोदं. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ साली मिरजेला झाला. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई. ताराबाई म्हणजे बडोद्याच्या राजघराण्याशी नातं असलेल्या सरदार मारुतीराव मान्यांची मुलगी. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात गायला होते, तिथे दोघांचं जुळलं आणि दोघांनी बडोदं सोडलं. पुढे बऱ्याच वर्षांनी ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या, मुलांना घेऊन निघाल्या आणि मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, सकीनाची सरस्वती झाली. हिराबाईंनी 'बडोदेकर' लावलं, सुरेशबाबूंनी आजोबांचं 'माने' लावलं, सरस्वतीबाई लग्नानंतर 'राणे' झाल्या. सख्खी भावंडं, एका आईबापाची, सगळी किराण्याची गाणारी, आणि आडनावं तीन. आडनावावरून गाव ओळखायला निघालेल्या माणसाने या एका घरात शिरून दाखवावं.

आणि बडोद्याशी हिराबाईंचा संबंध काय? आई ज्या गावातून निघून आली ते गाव. माहेर म्हणता येईल असंही नाही, कारण तिथली दारं ताराबाईंसाठी बंद झाली होती. तरी मुलीच्या नावात ते राहिलं.

याच्यावर कडी म्हणजे खाँसाहेब पुढे मिरजेला स्थायिक झाले, त्यांनी आपल्या शिष्येशी संसार थाटला, आणि त्या बाई सरस्वतीबाई मिरजकर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्याआधीचं त्यांचं नाव बानूबाई लाटकर. तेव्हा मिरजेत जन्मलेली मुलगी बडोदेकर आणि मिरजेत येऊन राहिलेली बाई मिरजकर. यातून काही निष्कर्ष निघतच असेल तर तो एवढाच की गावाचं नाव माणसाला कधी चिकटेल, कोणाकडून चिकटेल आणि कशासाठी चिकटेल याला काही नियम नाही.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं पटकन आटपू. जन्म १८९८ चा, देवाच्या आळंदीचा. फुलंब्री मराठवाड्यात, संभाजीनगरच्या उत्तरेला. पूर्वजांचं गाव आडनावात आलं, माणूस आळंदीत जन्मला, भास्करबुवा बखल्यांकडे शिकला, गंधर्व नाटक मंडळीत आणि मग प्रभातमध्ये चाली बांधल्या. फुलंब्रीचा यात वाटा आडनावापुरता.

तीच गत आजच्या पडद्यावरच्या मंडळींची. सचिन पिळगांवकर मुंबईत जन्मले, ऊर्मिला मातोंडकर मुंबईत जन्मल्या. पिळगाव गोव्यात डिचोली तालुक्यात आहे, मातोंड सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यात. गिरगाव-परळ-दादर भागात शंभर घरं फिरलात तर ऐंशी दारांवर 'कर' लागलेली पाटी दिसेल आणि त्यातल्या निम्म्या लोकांना त्या गावचा रस्ता गणपतीपुरता किंवा जत्रेपुरता माहीत असेल. त्यात वाईट काही नाही. पण त्याला जन्मगाव म्हणू नये.

किशोरीताईंची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी.

आमोणे हे गाव आहे, डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठाला. किशोरीताई तिथल्या नव्हेत. त्यांचा जन्म १९३२ चा, मुंबईचा. वडील माधवदास भाटिया, ते लवकर गेले. आई मोगूबाई कुर्डीकर. 'आमोणकर' हे सासरचं आडनाव, शिक्षक असलेल्या रवींद्र आमोणकरांचं. म्हणजे मजकूरवाल्याने गाव शोधलं ते नवऱ्याच्या पूर्वजांचं, आणि नाव सांगितलं बाईचं. आपल्याकडे बायकांच्या बाबतीत ही गफलत हमखास होते, कारण लग्नात आडनाव बदलतं हे सगळ्यांना ठाऊक असूनही आडनावावरून माहेर सांगायची हौस कुणाची जात नाही.

किशोरीताईंना खऱ्या अर्थाने गाव होतं ते आईचं, कुर्डी. आणि ते गाव आता पाण्याखाली आहे. सांगे तालुक्यात साळावली धरण झालं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कुर्डीची घरं हलली, लोक नव्या वसाहतींत गेले. जुनं महादेवाचं देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारलं. पण दर वर्षी उन्हाळा कडक झाला की धरणातलं पाणी ओसरतं आणि मे महिन्यात कुर्डी वर येते. घरांची जोती दिसतात, विहिरीचे काठ दिसतात, वाळलेल्या चिखलातून जुनी वाट दिसते. तिथून उठवलेली माणसं त्या दिवसांत परत येतात, सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात, ख्रिस्ती घरंही आपल्या जागी प्रार्थना करतात, म्हातारी माणसं नातवंडांना 'हे आपलं स्वयंपाकघर' म्हणून रिकाम्या जागेकडे बोट दाखवतात. मोगूबाईंच्या घराचीही जागा तिथेच. पावसाला सुरुवात झाली की गाव पुन्हा बुडतं. आपल्या मजकुरात या गावाबद्दल एक अक्षर नाही. ज्या आडनावातलं गाव खरं, नुसतं खरं नव्हे तर वर्षातून काही दिवस डोळ्यांनी पाहता येईल असं, ते सोडून याने आमोणे पकडलं.

केरीच्या फोटोबद्दल. केसरबाईंचं केरी फोंडा तालुक्यातलं. फोंडा तालुक्याला समुद्रच नाही. गोव्यात केरी नावाची गावं एकाहून जास्त आहेत. एक पेडण्यात, तेरेखोलच्या मुखापाशी, तिथे सुरूची झाडं आणि पांढरी वाळू आहे, पर्यटक जातात. एक सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. फोंड्याचं केरी म्हणजे डोंगर, कुळागरं, माडा-पोफळीची सावली. इंटरनेटवर 'केरी' टाकलं की पेडण्याचा किनारा आधी येतो, तो उचलून चिकटवला. असंच शिरोड्याचं होतं. एक शिरोडा गोव्यात फोंड्यातच, दुसरा वेंगुर्ल्याजवळचा, मिठाच्या सत्याग्रहाचा. 'शिरोडकर' वाचून कुठला शिरोडा ते सांगता येत नाही, घरच्यांना विचारावं लागतं.

शिरोडकरांचं नाव निघालंच आहे तर मीनाक्षी शिरोडकर. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली, त्याच. त्या माहेरच्या रतन पेडणेकर. म्हणजे जन्माने नावात पेडणे, लग्नाने शिरोडा. नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या त्यांच्या नाती, त्यामुळे इथे मात्र आडनाव एक आणि नातंही खरं. एवढ्यावरून लोकांचा समज होतो की प्रत्येक ठिकाणी असंच असणार.

आणि मग कर्नाटकी.

'ब्रह्मचारी'चे दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक, पूर्ण नाव विनायक दामोदर कर्नाटकी, जन्म १९०६, कोल्हापूर. अभिनेत्री नंदा त्यांची मुलगी. अमीरबाई कर्नाटकी विजापूर मुलखातल्या बिळगीच्या, आज तो भाग बागलकोट जिल्ह्यात येतो. मुस्लिम घरातल्या, गाणाऱ्या घराण्यातल्या. बहीण गोहरबाई कर्नाटकी, बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यात त्यांच्या सोबत असलेल्या. या दोघी बहिणी एका घरच्या, विनायकराव निराळ्या घरचे. नंदाला अमीरबाईंची भाची करून टाकणारे संदेश मी वाचले आहेत. याला कशाचाही आधार नाही, फक्त आडनावाचा.

'कर्नाटकी' हे नाव कुठे पडू शकतं याचा विचार केला तरी घोळ सुटतो. बिळगीत राहणाऱ्या बाईला बिळगीतलं कोण 'कर्नाटकी' म्हणेल? सगळेच कर्नाटकी. ते नाव पडायला मुंबई लागते, पुणं लागतं, कोल्हापूर लागतं. अमीरबाई मुंबईत आल्या, तिथे दहा अमीरबाई असतील, त्यातली ही कुठली तर कर्नाटकातली. कोल्हापुरातल्या एका घराला कुणी कधीकाळी याच कारणाने तसं म्हटलं असणार. दोन वेगळ्या लोकांना दोन वेगळ्या ठिकाणी एकच नाव पडलं. गावाचं किंवा मुलखाचं नाव माणसाला मागे टाकलेल्या मुलखावरून पडतं, आणि ते देतात बाहेरचे लोक. पुण्यात राहून पुणेकर म्हणवणं वेगळं, तो स्वभावाचा भाग आहे.

जुन्या ध्वनिमुद्रिकांनी तर हे नाव देणं जवळपास सक्तीचं करून टाकलं. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गायिकांची गाणी घ्यायला सुरुवात केली तेव्हा मेणाच्या तबकड्या जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथे छापून परत येत. तिकडच्या कारागिराला भाषा कळायची नाही, लेबलावर चूक नको, म्हणून गाण्याच्या शेवटी गायिकेने स्वतःचं नाव मोठ्याने पुकारायचं. तीन मिनिटांच्या ठुमरीनंतर तान संपते न संपते तोच गोहरजानचं इंग्रजीत 'माय नेम इज गोहरजान' ऐकू येतं, आणि जुन्या तबकडीच्या खरखरीतही त्यातला तोरा लपत नाही. जानकीबाईंचं 'इलाहाबादी' असंच रेकॉर्डवरून देशभर गेलं. जानकीबाई जन्मल्या बनारसला. गोहरजान 'कलकत्तेवाली', जन्मल्या आझमगडला. रेकॉर्ड विकत घेणाऱ्याला जन्मदाखला नको होता, त्याला पाहिजे होतं की बाई सध्या कुठे गाते. गावाचं नाव हा धंद्याचा पत्ता होता.

इथेच जोहराबाईंचा मुद्दा येतो, आणि मजकुरातली ही सगळ्यात धडधडीत चूक आहे. जोहराबाई दोन. आग्रेवाली जोहराबाई १८६८ ची, आग्रा घराण्याची, रेकॉर्डच्या पहिल्या काळातली दमदार गायिका, १९१३ साली वारल्या. अंबालेवाली जोहराबाई १९१८ च्या, सिनेमातल्या पार्श्वगायिका, १९४४ च्या 'रतन'मध्ये गायल्या त्या याच, १९९० पर्यंत हयात. आग्रेवाली गेल्यानंतर पाच वर्षांनी अंबालेवाली जन्मल्या. भारतात बोलपट आला १९३१ ला. नावामागचं 'आग्रेवाली' आणि 'अंबालेवाली' हेच दोघींना वेगळं ठेवतं. आणि आपण नेमकं तेच पुसून टाकून गल्लत केली.

पाण्यातल्या सुराबद्दल मात्र मला थोडं चिडून बोलावंसं वाटतं.

गोव्यातून, त्यातही फोंड्यासारख्या एका लहान तालुक्यातून, इतक्या मोठ्या गायिका का आल्या, हा प्रश्न खरा आहे. पाणी, हवा, माती हे उत्तर आळशी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देश, साष्टी या भागांतली देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी रातोरात देव उचलले आणि नदीपार नेले. मंगेश मूळचा कुशस्थळीचा, १५६० च्या सुमाराला प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला आला. म्हणजे मंगेशकरांचा देवसुद्धा मंगेशीत जन्मलेला नाही. शांतादुर्गा, म्हाळसा, रामनाथी, ही देवस्थानं अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, दाटीवाटीने आली, कारण तो भाग पोर्तुगीजांच्या हाती थेट १७६३ मध्ये गेला. इतकी श्रीमंत देवळं इतक्या जवळ, प्रत्येकाची पालखी, प्रत्येकाची जत्रा, प्रत्येकाकडे सेवेला कलावंतांची घरं. पिढ्यान्‌पिढ्या मुलींना लहानपणापासून गाणं, नाच, ताल शिकवायची सोय होती, आणि ते त्यांना टाळताही येत नव्हतं. सूर पाण्यात नव्हता, मेहनतीत होता, आणि त्या मेहनतीची किंमत त्या बायकांनी दिली.

बरं, या मुली शिकल्या कुणाकडे? केसरबाई लहानपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या, मग वझेबुवांकडे, मुंबईत आल्यावर आणखी काही गुरू, आणि अखेर १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे, थेट १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत. मोगूबाई नाटक कंपनीतून सांगलीला पोचल्या तिथे त्यांना अल्लादिया खाँसाहेब भेटले. खाँसाहेब जन्मले राजस्थानात उणियाऱ्याला, घराणं मूळचं अत्रौलीचं, नोकरी कोल्हापूर दरबारी, शेवट मुंबईत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेली केसरबाईंची भैरवी 'गोव्याच्या पाण्याची' म्हणायची तर त्यात उणियाऱ्याचं, अत्रौलीचं, कोल्हापूरचं आणि गिरगावचंही पाणी आहे. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेल्या, व्हॉयेजर यानं उडाल्यानंतर काही दिवसांनी.

घराण्यांच्या नावाचा मुद्दा इथेच मिटतो. किराणा म्हणजे उत्तर प्रदेशातलं कैराना. अब्दुल करीम खाँ तिथले, हे बरोबर. पण आपण किराणा म्हणून ज्यांना डोक्यावर घेतलं त्यांची गावं पाहा. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, कुंदगोळचे, आणि तेही मूळ नावाने नव्हे तर पदवीने ओळखले जातात. गंगूबाई हनगल धारवाडला जन्मल्या, हुबळीला राहिल्या, आगगाडीने कुंदगोळला शिकायला जात. नावात मात्र हनगल, जे तिसरंच गाव. भीमसेन जोशी गदग भागातले. किराणा घराण्याचं खरं गाव शोधायला निघालात तर हुबळी-धारवाडच्या पॅसेंजरमध्ये बसावं लागेल. जयपूर घराण्याला तर लोक हल्ली जोडनावाने 'जयपूर-अत्रौली' म्हणतात, आणि त्याची भरभराट झाली कोल्हापुरात नि मुंबईत.

मल्लिकार्जुन मन्सूर हे नाव मजकुरात नाही, याचं आश्चर्य वाटतं, कारण ते त्याच्या बाजूचं सर्वांत भक्कम उदाहरण ठरलं असतं. धारवाडजवळ मन्सूर नावाचं लहान खेडं आहे, मल्लिकार्जुन तिथेच जन्मले, पुढचं आयुष्य धारवाडला, गावाच्या वाटेवरच काढलं. नाव, जन्म, मुक्काम सगळं एका पट्ट्यात. कानडीत 'कर' लागत नाही, गावाचं नाव तसंच मागे उभं राहतं, त्यामुळे मराठी डोळ्याला ते गाव आहे हे दिसतच नाही. आडनावातलं गाव शोधायला निघालेल्याला खरं गाव समोर असून दिसलं नाही, कारण शेवटी 'कर' नव्हता.

शेवटचं एक. पद्मिनी कोल्हापुरे मंगेशकरांच्या नात्यातल्या. आजोबा कृष्णराव कोल्हापुरे दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीतले. दीनानाथ १९४२ मध्ये पुण्यात गेल्यावर उघड्यावर पडलेल्या मंगेशकर भावंडांना कोल्हापूरला काम दिलं ते मास्टर विनायक कर्नाटकींनी. लताबाई १९४५ मध्ये मुंबईला आल्या त्या त्यांच्याच कंपनीबरोबर. मंगेशी, कोल्हापूर, कर्नाटक ही तिन्ही नावं एका घराच्या आयुष्यात अशी गुंतलेली आहेत आणि आडनावांवरून त्यातला एकही धागा हाती लागत नाही. मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर निदान समुद्राचा फोटो काढून टाका.